उभ्या शिवणीचं छप्पर



गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या घराचं छप्पर बदलायला झालंय, आणि आमच्या घरावर "तो पत्रा" आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "खरं सांग, पावसात आवाज येतो का? आणि एवढे पैसे घालावेत का?" एवढंच तिला विचारायचं होतं. पण बोलता बोलता तास गेला, कारण आमच्या छपराची गोष्ट पत्र्यापाशी सुरू होत नाही आणि पत्र्यापाशी संपतही नाही. म्हटलं, एकदा लिहूनच काढावी.

आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरच्या जवळ. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच बर्फ पडला, तिथला आजवरचा उच्चांक. आमच्याकडेही काही कमी नव्हता. फेब्रुवारीत एके सकाळी सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या खोलीत खिडकीच्या वर भिंत ओली झाली होती आणि थेंब थेंब पाणी गळत होतं. बाहेर उणे पंधरा, डोक्यावर दोन फूट बर्फ, आणि घरात पागोळ्या! "अगं, पाऊस नाही काही नाही, मग हे पाणी आलं कुठून?" आई विचारत होत्या, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

ते पुढे कळलं. घरातली ऊब छताच्या फटींतून पोटमाळ्यात जाते. तिथून छप्पर तापतं आणि वरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली घर नसतं, त्यामुळे तिथे ते पुन्हा गोठतं. असं रोज होत राहिलं की कडेला बर्फाचा चांगला वीतभर बांध तयार होतो. मागचं पाणी त्याच्यामागे तुंबतं आणि डांबरी शिंगलच्या खाली शिरून घरात उतरतं. आमच्या शिंगल वीस वर्षांच्या होत्या. काही कुरतडल्यासारख्या, काही कडेला वळलेल्या. छप्पर बदलायलाच हवं होतं, प्रश्न फक्त कशाने हा होता.

तीन ठिकाणांहून अंदाज मागवले. इथे छपराचं माप 'स्क्वेअर'मध्ये करतात; एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. आमचं छप्पर बावीस स्क्वेअर भरलं. पुन्हा डांबरी शिंगल टाकायच्या तर साडेतेरा हजार डॉलर. स्क्रू मारून बसवायचा पत्रा सतरा हजार. आणि उभ्या शिवणीचा पत्रा, ज्याला इथे 'स्टँडिंग सीम' म्हणतात, तो एकतीस हजार. ह्यांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "शिंगल टाकू. वीस वर्षांनी आपण इथे असू की नाही कुणास ठाऊक."

मी गप्प बसले, पण मला राहून राहून वडिलांचा गोठा आठवत होता.

आमचं माहेर सांगलीकडचं. घरावर मंगळुरी कौलं आणि गोठ्यावर नळीचा पत्रा. दर वर्षी मिरगाच्या आधी शाकारणी व्हायची. गडी कौलं चाळायचा, फुटकी बदलायचा. गोठ्यावर मात्र वडील स्वतः चढायचे, हातात डांबराचा डबा घेऊन. पत्रा वाशांना हुकाने आवळलेला असायचा, आणि प्रत्येक हुकासाठी पत्र्याला एक भोक. भोकावर वायसर. उन्हाने वायसर वाळायचा, भोक मोठं व्हायचं, आणि पहिल्या पावसात म्हशीच्या पाठीवर गळती सुरू. वडील म्हणायचे, "पत्रा कधी गळत नाही बघ. भोक गळतं."

उभ्या शिवणीच्या पत्र्याचं सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. आढ्यापासून वळचणीपर्यंत सोळा-सतरा इंच रुंदीची अखंड पट्टी येते. दोन पट्ट्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवतात. ही उभी शिवण पत्र्याच्या पातळीपेक्षा इंच-दीड इंच वर असते, त्यामुळे वाहतं पाणी जोडापर्यंत सहसा पोचतच नाही. पट्टीला खालच्या फळ्यांशी धरून ठेवतात त्या छोट्या क्लिपा, आणि त्या शिवणीच्या पोटात लपलेल्या असतात. स्क्रू असतो, पण तो क्लिपमधून फळीत जातो. पावसात भिजणाऱ्या सपाट पत्र्याला भोक नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. लोखंड उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं हे आपण शाळेत शिकतो. छपराच्या वीस फुटी पट्टीत हिवाळ्याची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांत पाच मिलीमीटरच्या आसपास फरक पडतो. स्क्रूने जखडलेला पत्रा त्या पाच मिलीमीटरसाठी वर्षानुवर्षं स्क्रूशी झगडतो आणि भोक लांबट करतो. इथे क्लिप त्याला धरते, पण सरकूही देते. माणसांनाही असंच धरावं, असं मला तेव्हा वाटून गेलं. पण ते राहू दे.

ह्यांना हे पटायला एप्रिल उजाडला. पटलं तेही पैशांच्या हिशोबाने: आमच्या हयातीत शिंगल दोनदा टाकाव्या लागल्या तर खर्च तिथेच येतो. एकतीस हजारवाल्याला होकार कळवला आणि एक हजार डॉलर आगाऊ दिले. काम जूनच्या शेवटच्या आठवड्यात.

जूनच्या मध्यावर तो माप घ्यायला आला आणि पोटमाळ्यावर चढला. खाली उतरला तो कपड्यांवरची धूळ झटकत. "तुमच्याकडे वटवाघळं आहेत. आढ्यापाशी फट आहे, तिथून ये-जा करतात." मग अगदी सहज म्हणाला, "काळजी करू नका. आम्ही फोम मारून फट बंद करू, वर पत्रा बसला की विषय संपला."

मी विचारलं, "आणि आतली?"

त्याने खांदे उडवले. "आत राहतील. थोडे दिवस वास येईल."

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं बऱ्यापैकी. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

त्या संध्याकाळी आम्ही वन्यजीवांचं काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं की ही मोठी तपकिरी वटवाघळं आहेत, आणि पोटमाळ्यावर आहेत त्या माद्या. उन्हाळ्यात त्या उबदार जागा शोधून एकत्र जमतात आणि पिल्लं देतात. जून-जुलैत पिल्लांना उडता येत नाही. आत्ता फट बंद केली, किंवा माद्यांना बाहेर काढून परत येऊ दिलं नाही, तरी पिल्लं आत भुकेने मरणार. ऑगस्टात ती उडायला लागली की फटीवर एकतर्फी झडप लावायची: बाहेर पडता येतं, आत शिरता येत नाही. आठवड्याभरात पोटमाळा रिकामा, कुणी मेलं नाही. त्यांनीच सांगितलं की २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा दिसलेल्या 'पांढऱ्या नाका'च्या बुरशीने अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली आहेत.

म्हणजे दोन महिने थांबायचं. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, जूनची तारीख सोडली तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, आणि शरद ऋतूतलं काम नव्या दराने. हे फोन ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. छप्पर गळकं आहे, आईंची खोली त्याखालीच आहे, हजार डॉलर जाणार, पुढचा दर माहीत नाही. "घर बांधताना, नांगरताना, चूल पेटवताना जीव मरतातच ना? मग हे वेगळं कसं?"

उत्तर आईंनी दिलं. त्यांनी पाठशाळेत शिकलेलं सांगितलं, जे आपल्यापैकी अनेकींनी शिकलेलं असतं आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलेलं असतं. हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. घरसंसार करताना न टळणारी ती आरंभी. श्रावकाला ती पूर्ण सुटत नाही, तो जपून वागतो आणि चुकलं तर क्षमा मागतो. पण संकल्पी हिंसा श्रावकानेही सोडायची असते. "छप्पर घालताना नकळत काही मेलं, तर तो आरंभ," आई म्हणाल्या. "आत लेकुरवाळ्या आहेत हे ठाऊक असून दार लिंपलं, तर त्याला काय म्हणशील? पंचेंद्रिय जीव आहे रे तो. मुनी महाराज पावसाळ्याचे चार महिने पाऊल उचलत नाहीत, आपल्याला दोन महिने थांबता येणार नाही?"

हे काही बोलले नाहीत. रात्री साडेआठला मात्र अंगणात खुर्ची टाकून बसलेले दिसले. अंधार पडताना आढ्यापासून एकेक सावली सुटत होती आणि हे बोटांवर मोजत होते. आत आले आणि म्हणाले, "चौसष्ट." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ठेकेदाराला नकार कळवला. हजार डॉलर गेले.

दया केली आणि सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. छपरावर निळी ताडपत्री बांधली होती. जुलैत एका रात्री वादळ आलं, ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटली आणि आईंच्या खोलीचं छत फुगून पलंगावर कोसळलं. आई त्या वेळी पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. मी थरथरत होते. ह्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पुढचे दोन महिने आई दिवाणखान्यात झोपल्या. मी मनात अनेकदा हिशोब मांडला. वटवाघळांचा जीव मोठा की ऐंशीला आलेल्या सासूचा? थांबायचं ठरवणं बरोबर होतं, पण थांबताना खालची खोली रिकामी करायला हवी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. अहिंसा म्हणजे नुसतं न मारणं नव्हे, सावध राहणंही त्यात येतं. यत्नाचार म्हणतात तो हाच. तो मी केला नव्हता.

दरम्यान नवा कारागीर मिळाला. साठीचा, मोजकं बोलणारा. त्याचा दर होता चौतीस हजार. पण तो पहिला माणूस, ज्याने पत्र्याबद्दल बोलण्याआधी पोटमाळ्याबद्दल विचारलं. म्हणाला, "बाई, पत्रा पाणी अडवेल. पण बर्फाचा बांध पत्र्यामुळे होत नाही आणि पत्र्याने जातही नाही. तुमच्या घरातली ऊब वर गळतेय. आधी ती गळती बुजवा, नाहीतर पैसे घालवूनही बांध पाहाल." सहा महिने मी वरून येणारं पाणी पाहत होते, आणि खरी गळती खालून वर जात होती!

ऑगस्टच्या मध्यावर झडपा बसल्या. सहाव्या संध्याकाळी एकही सावली सुटली नाही. मग फटी बुजवल्या, विष्ठा साफ करून घेतली (हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, त्या धुळीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि वटवाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नका, रेबीजचा धोका असतो). दिव्यांच्या आणि नळांच्या भोवतालच्या भेगा सील करून पोटमाळ्यात सेल्युलोजचा जाड थर घातला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात छप्पर आलं. आलं म्हणजे काय, अंगणातच तयार झालं. ट्रकवर एक यंत्र होतं. एका बाजूने रंगीत पत्र्याचं भेंडोळं आत जायचं, दुसऱ्या बाजूने कडा दुमडलेली अखंड पट्टी बाहेर यायची, अगदी छपराच्या लांबीची. पत्रा चोवीस गेजचा, म्हणजे साधारण ०.६ मिलीमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवा. सव्वीस स्वस्त पडतो तो म्हणूनच. पोलादावर गॅल्व्हल्यूमचा लेप होता, वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक जस्त. त्यावर पीव्हीडीएफ रंग, जो उन्हात लवकर विटत नाही. जुन्या शिंगल काढून फळ्या तपासल्या, चार कुजलेल्या बदलल्या. वळचणीपासून सहा फूट वरपर्यंत चिकट जलरोधक थर लावला, तोही जास्त तापमान सोसणारा, कारण पत्रा उन्हात फार तापतो.

कारागिराच्या हाताखालचा एक तरुण मुलगा कोपऱ्यावरची पट्टी ग्राइंडरने कापायला निघाला तेव्हा म्हातारा वरूनच ओरडला. ग्राइंडरने लेप जळतो आणि लोखंडाचे गरम कण रंगात रुतून पुढे गंजाचे ठिपके उमटतात. पत्रा कात्रीनेच कापायचा. वळचणीला त्याने प्रत्येक पट्टीचं टोक खालच्या पट्टीभोवती दुमडून घेतलं, आपण साडीची कड मुडपतो तसं. धुराड्यामागे पाणी तुंबू नये म्हणून छोटा दुपाखी उंचवटा केला. आढ्याखाली हवेला वाट ठेवली, पण तिला बारीक जाळी लावली. अर्ध्या इंचाची फट मिळाली तरी वटवाघूळ आत शिरतं.

त्या वर्षी अधिक आषाढ आल्यामुळे दशलक्षण पर्व उशिरा, १८ सप्टेंबरला सुरू झालं. काम दोन दिवस आधी संपलं. पहिला पाऊस पर्वातच आला. आई आपल्या खोलीत कान देऊन बसल्या होत्या. गोठ्यावर पाऊस पडायचा तेव्हा ओरडून बोलावं लागायचं, तसं काहीतरी होईल अशी आम्हा दोघींची समजूत. पण गोठ्यात पत्र्याखाली मोकळी हवा होती. इथे फळ्या, थर, पोटमाळा, मग छत. मंद सर ऐकू येत होती, बस्स.

एक चूक मात्र आम्ही केलीच. बर्फ अडवणाऱ्या पट्ट्यांचे आठशे डॉलर वाचवले. पत्रा गुळगुळीत, त्यावर बर्फ टिकत नाही. फेब्रुवारीत आई पाखरांना दाणे टाकायला बाजूच्या दाराने बाहेर पडल्या आणि परत आत आल्या, तेवढ्यात मागे सगळा बर्फ एकदम धडाडून पायरीवर आला. दाण्यांचं ताट वसंतात सापडलं. त्याच आठवड्यात पट्ट्या बसवल्या. त्या शिवणीला चिमट्याने धरतात, पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. दोन वेळा आई वाचल्या, दोन्ही वेळा माझ्या शहाणपणामुळे नाही.

आता दहा हिवाळे झाले. बर्फाचा बांध पुन्हा झाला नाही, याचं निम्मं श्रेय पत्र्याला आणि निम्मं पोटमाळ्यातल्या त्या न दिसणाऱ्या थराला. सपाट भागावर उन्हात हलक्या लाटा दिसतात. पातळ पत्र्याला त्या येतात, त्याने गळत नाही. आधी सांगितलं असतं तर मी बारीक रेघांचा पत्रा घेतला असता. आईंच्या आग्रहाने दक्षिणेच्या भिंतीवर वटवाघळांसाठी लाकडी खोकं लावलं. दोन उन्हाळे त्यात कुणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी अकरा मोजली, ह्यांनीच.

आई चार वर्षांपूर्वी गेल्या, त्याच खोलीत. "पन्नास वर्षं टिकेल म्हणता, मग माझ्यासाठी कशाला एवढं?" असं त्या कामाच्या वेळी म्हणाल्या होत्या. मी म्हटलं होतं, "आई, तुमच्यासाठी नाही, पाण्यासाठी." त्या खूप हसल्या होत्या.

मैत्रिणीला शेवटी मी चारच प्रश्न दिले. ठेकेदाराला विचार: स्क्रू उघडे राहणार की क्लिप आत? पत्रा किती गेजचा, आणि तो कागदावर लिहून देणार का? बर्फ अडवायला काय लावणार? पोटमाळा पाहिला का? आणि पाचवा प्रश्न स्वतःसाठी: वर आधीच कुणी राहतंय का? संध्याकाळी अर्धा तास अंगणात खुर्ची टाकून बसायचं. फुकट आहे.

जय जिनेंद्र.